समुद्रात पोहताना मोबाईल, किल्ली आणि पैसे सांभाळायचे कसे: वॉटरप्रूफ पाऊच घेण्यापासून धुऊन ठेवण्यापर्यंत

चार-पाच जण मिळून समुद्रावर गेलं की एक जण सामानापाशी बसतो आणि बाकीचे पाण्यात उतरतात. दोघंच असलो आणि दोघांनाही पोहायचं असलं की प्रश्न येतो: मोबाईल, गाडीची किल्ली आणि पैसे ठेवायचे कुठे? काशीद असो, कर्दे असो की तारकर्ली, किनाऱ्यावर लॉकर मिळेल या भरवशावर जाता येत नाही. मग लोक चपलेखाली पाकीट दडवतात, टॉवेलमध्ये मोबाईल गुंडाळतात आणि पाण्यातून सारखी मान वळवून किनाऱ्याकडे बघत राहतात. समुद्रात असताना नजर येणाऱ्या लाटेवर हवी. त्यामुळे सामानाची नीट सोय लावणं हे सुरक्षिततेचंच काम आहे असं मी मानते.

मी कोकणात नियमित पोहते आणि पाऊच कायम वापरते. नव्यानं समुद्रात पोहायला लागलेल्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून सगळं एका जागी, क्रमानं लिहिते आहे. हे पोहता येणाऱ्यांसाठी आहे. पावसाळ्यातला समुद्र पोहण्यासाठी नसतो, हेही आधीच सांगून ठेवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते कोळी बांधवही त्या काळात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र निवळायला वेळ लागतो. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.

काय काय लागेल

- कमरेच्या पट्ट्याचा वॉटरप्रूफ पाऊच, मोबाईल कव्हरसकट सहज मावेल एवढा
- टिश्यू पेपर आणि पाण्यानं भरलेली बादली (चाचणीसाठी)
- सिलिका जेलची एक-दोन पाकिटं. नव्या बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येतात तीच
- छोटा सुती रुमाल किंवा मऊ फडकं
- पक्क्या शाईच्या पेननं लिहिलेली, सोबत्याचा फोन नंबर असलेली चिठ्ठी
- लांब पोहणार असाल तर टो फ्लोट, म्हणजे कमरेला दोरीनं बांधून मागे तरंगत येणारा रंगीत फुगा
- घरी ठेवायची कागदपत्रं: मोबाईलच्या बिलाची प्रत, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि ओळखपत्राची प्रत. ती का, ते शेवटच्या पायरीत येईल.

१. आधी वाटणी करा: भिजण्याचं भय कशाला, हरवण्याचं कशाला

पाऊच विकत घेण्याआधी हे करा, कारण निम्मे प्रश्न इथेच सुटतात. पाण्यात वस्तूंना दोन वेगळे धोके असतात, एक भिजण्याचा आणि दुसरा हरवण्याचा. वॉटरप्रूफ पाऊच फक्त पहिल्यापासून वाचवतो.

भिजलं तर खरोखर बिघडेल असं आपल्याकडे फार थोडं असतं: मोबाईल आणि गाडीची रिमोटवाली किल्ली. स्कूटरची साधी धातूची किल्ली भिजून काही होत नाही. ती पोहण्याच्या चड्डीच्या आतल्या नाडीला दोन गाठी मारून बांधा, पाऊचची गरजच नाही. आपल्या नोटा कापसापासून केलेल्या कागदाच्या असतात, ओल्या झाल्या तर वाळवून चालतात. एटीएम कार्डही गोड्या पाण्यानं पुसलं की झालं. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असतील तर मूळ कार्डं मुक्कामावर ठेवा.

दागिन्यांबद्दल स्पष्टच बोलते. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घालून समुद्रात उतरू नका आणि ते पाऊचमध्येही ठेवू नका. सोन्याला खाऱ्या पाण्यानं काही होत नाही, पण ओल्या बोटातून अंगठी सहज निसटते आणि लाटेच्या एका हिसक्यात मंगळसूत्राची तार तुटू शकते. वाळूत गेलेला मणी पुन्हा मिळत नाही. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल, तर प्रवासापुरतं साधं काळ्या मण्यांचं घाला आणि सोन्याचं घरी ठेवा. पाऊच पट्ट्यासकट गेला तर काय काय जाईल, हा विचार करूनच तो भरायचा.

रिमोटवाल्या किल्लीसाठी सर्वात चांगली जागा म्हणजे मुक्कामाचं ठिकाण. घरगुती निवासवाल्या काकूंकडे किंवा जिथे जेवण सांगितलंय त्या खानावळीत किल्ली द्या. कोकणात याला कुणी नाही म्हणत नाही. गाडीच्या टायरवर किंवा बंपरमागे किल्ली लपवायची सवय असेल तर सोडा, चोर आधी तिथेच हात घालतो.

दम्याचा पंप किंवा हृदयाची गोळी लागणाऱ्यांनी मात्र ती जवळ ठेवावीच. त्यांच्यासाठी पाऊच ही खरी गरज आहे. गोळ्या मूळ पट्टीतच, वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत घालून पाऊचमध्ये ठेवा, आणि कुठे आहेत ते सोबत्याला दाखवून ठेवा.

२. पाऊच निवडताना काय बघायचं

किनाऱ्यावरच्या टपरीत शे-दोनशे रुपयांत गळ्यात अडकवायचे पारदर्शक पाऊच टांगलेले असतात. पाण्याच्या कडेला उभं राहून फोटो काढायला ते ठीक. पोहण्यासाठी चार गोष्टी तपासून घ्या.

*तोंड.* पाऊच सहसा मधूनच फाटत नाही. पाणी शिरतं ते तोंडातून. तोंड बंद करण्याचे प्रकार मुख्यतः तीन: दाबायची झिप, झिपवर गुंडाळी आणि त्यावर वेल्क्रो किंवा बकल, आणि दोन कडक प्लॅस्टिक पट्ट्यांचा चिमटा. नुसती एकेरी झिप असेल तर घेऊ नका. दुहेरी किंवा तिहेरी झिप आणि वर गुंडाळी, हा प्रकार कमरेच्या पाऊचला मला सर्वात भरवशाचा वाटतो. चिमट्याचे पाऊच मोबाईलपुरते छान असतात, पण पट्टी एका टोकाला अर्धवट बसली तर वरून कळत नाही. गुंडाळीची ताकद बघायची तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं उदाहरण आहे. तिथले लोक उन्हाळ्यात कपडे, बूट आणि मोबाईल माशाच्या आकाराच्या ‘विकलफिश’ पिशवीत भरून ऱ्हाईन नदीत प्रवाहासोबत पोहत जातात. त्या पिशवीचं तोंड सात वेळा गुंडाळायचं असतं. तिच्यात भरपूर हवा राहते म्हणून ती तरंगते. कमरेच्या छोट्या पाऊचला तीन घट्ट घड्या पुरतात.

*शिवण.* कडेला दोऱ्याची शिवण दिसली तर तो पाऊच पावसाळी पिशवी म्हणून वापरा, पोहायला नको. कडा उष्णतेनं जोडलेल्या, सलग आणि सपाट असाव्यात. कमरेचा पट्टा पाऊचच्या कापडाला भोक पाडून शिवलेला नाही ना, तेही बघा. ती जागा बऱ्याच स्वस्त पाऊचमध्ये कच्ची असते.

*प्लॅस्टिक.* पीव्हीसी स्वस्त असतं, पण काळानं पिवळं पडतं, कडक होतं आणि घडीवर तडकतं. टीपीयू मऊ राहतं आणि जास्त टिकतं. परवडत असेल तर टीपीयूच घ्या.

*आकडे.* पाकिटावर ‘आयपीएक्स ८’ लिहिलेलं असतं. पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा हा दर्जा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ ते उत्पादक ठरवतो, म्हणून बारीक अक्षरातला आकडा वाचा. या चाचण्या संथ, गोड्या पाण्यात होतात. लाटेचा फटका, उडी मारताना बसणारा दाब आणि वाळूचे कण त्यात धरलेले नसतात. मोबाईलच्या आयपी ६८ बद्दलही हेच लागू आहे. ‘माझा फोन वॉटरप्रूफच आहे’ म्हणून तो खिशात घेऊन समुद्रात जाणारे बरेच भेटतात. पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे त्यांनी एकदा वाचावं.

३. तरंगेल का? साधा हिशोब

वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारा, असं नसतं. मोठ्या मोबाईलचं वजन साधारण २०० ते २२० ग्रॅम असतं. त्याची लांबी-रुंदी-जाडी साधारण १६ × ७.५ × ०.८ सेंटिमीटर धरली तर तो जेमतेम ९६ मिलिलिटर पाणी बाजूला सारतो. उरलेलं सव्वाशे ग्रॅम वजन उचलून धरायला तेवढीच, सव्वाशे मिलिलिटर हवा पाऊचमध्ये लागते. किल्ली घातली की आणखी. आपण बंद करताना सगळी हवा दाबून काढली की पाऊच दगडासारखा तळाशी जाणार.

कमरेला घट्ट बांधला असेल तर तरंगला नाही तरी चालतं. हातातून किंवा होडीतून पडण्याची शक्यता असेल तर थोडी हवा राहू द्या, किंवा कडेला हवेची नळी असलेला पाऊच घ्या. बादलीत मोबाईलऐवजी तेवढ्याच वजनाची वस्तू घालून खात्री करा. आकारही मोबाईलएवढाच हवा. वाटाण्याचं पाकीट घातलंत तर हिशोब चुकेल.

४. घरी बादलीत चाचणी

नवा पाऊच थेट समुद्रात नेऊ नका. दोन चाचण्या करा.

पहिली हवेची. रिकाम्या पाऊचमध्ये हवा भरून तोंड बंद करा आणि पंक्चरवाला ट्यूब धरतो तसा पाण्याखाली धरून चारही बाजूंनी दाबा. बुडबुड्यांची माळ आली तर जागा लगेच कळेल. बहुधा झिपचं एखादं टोक असतं.

दुसरी टिश्यूची. आत घडी केलेला कोरडा टिश्यू आणि वजनाला एखादी गुळगुळीत वस्तू ठेवा, टोक असलेली नको. पाऊच बादलीच्या तळाशी अर्धा तास ठेवा, मधून मधून हातानं ढवळा आणि पाऊच वाकवा. बाहेर काढून आधी बाहेरून पूर्ण पुसा, मगच उघडा. टिश्यूचा एक कोपरा जरी गडद झाला असेल तर तो पाऊच मोबाईलसाठी नाही.

ही चाचणी दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा करायची. कपाटात वर्षभर घडी होऊन पडलेला पाऊच नेमका घडीवरच तडकतो.

५. पाऊच खोलीवरच बंद करा, वाळूवर नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. किनाऱ्यावर हात ओले, बोटांना सनस्क्रीन, वारा वाळू उडवतोय आणि सोबतचे ‘चल की’ म्हणून हाका मारतायत, अशा वेळी बंद केलेला पाऊच गळतो. झिपच्या खाचेत वाळूचा एक कण अडकला तरी तिथून पाणी आत येतं. केस, सुताचा धागा किंवा तेलकट बोटाचा ठसा यांनीही तेच होतं.

क्रम असा ठेवा:

सनस्क्रीन किंवा खोबरेल लावण्याआधी पाऊच भरा. झिपच्या दोन्ही खाचा कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यात फोटो काढायचे नसतील तर मोबाईल आधी मऊ फडक्यात गुंडाळा. चुकून थेंबभर पाणी शिरलं तर ते फडकं टिपून घेतं. किल्ली मोबाईलला लागून ठेवू नका, काचेवर ओरखडे येतात आणि टोकानं पाऊचला भोक पडतं. सिलिका जेल आत टाका. कोकणच्या दमट हवेत पाऊच बंद केला आणि थंड पाण्यात गेला की आतून वाफ धरते. पाऊच गळाला असं वाटून लोक घाबरतात, पण तो आतल्याच हवेतला दमटपणा असतो.

झिप एका टोकाकडून दुसऱ्याकडे अंगठ्याच्या नखानं दाबत न्या, मग उलट दिशेनं पुन्हा. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरवर थांबून जोर द्या, कारण झिप तिथेच उघडी राहते. मग गुंडाळी, मग बकल. बंद झाल्यावर पाऊच दोन्ही हातांत धरून दाबा. फुस्स आवाज आला तर उघडून पुन्हा.

चिठ्ठी आतून, अक्षरं बाहेर दिसतील अशी ठेवा. तिच्यावर *सोबत्याचा* नंबर लिहा. तुमचा मोबाईल तर त्याच पाऊचमध्ये आहे, त्यावर सापडणाऱ्यानं फोन करून काय उपयोग?

६. बांधायचा कुठे

गळ्यात नाही. दोरी लाटेत मानेला आवळते, होडीच्या कडेला किंवा खडकात अडकते, आणि पोहताना पाऊच तोंडासमोर येतो. ज्या पाऊचला फक्त गळ्याची दोरी आहे, तो घेऊन उथळ पाण्यातच थांबा.

कमरेचा पट्टा पाठीच्या खालच्या बाजूला, माकडहाडाच्या जरा वर येईल असा बांधा. फ्रीस्टाईलमध्ये शरीर दोन्ही कुशींवर वळतं. पोटावर पाऊच असेल तर पाणी अडवतो आणि बाजूला असेल तर हाताला लागतो. पट्टा कोरड्यात जेवढा घट्ट वाटतो त्यापेक्षा एक बोट जास्त आवळा, कारण नायलॉनचा पट्टा ओला झाल्यावर सैल पडतो. उरलेलं टोक बकलमधून परत ओवून घ्या, नाहीतर ते लोंबतं आणि पायात येतं. पाण्यात शिरल्यावर कमरेइतक्या पाण्यात एकदा डुबकी मारा, पट्टा सरकला का बघा, आणि मगच पुढे जा.

किनाऱ्याला समांतर लांब पोहायचं असेल तर टो फ्लोट घ्याच. काहींना आतून कोरडा कप्पा असतो. पाणी, चप्पल, मोबाईल सगळं मावतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे भगव्या किंवा गुलाबी रंगामुळे तुम्ही दुरून दिसता. मालवण-तारकर्ली भागात जेट स्की आणि बनाना बोटी जोरात फिरत असतात आणि लाटांमध्ये पोहणाऱ्याचं नुसतं डोकं त्यांना दिसत नाही. मात्र टो फ्लोट म्हणजे लाईफ जॅकेट नव्हे, त्याच्या भरवशावर खोल जाऊ नका.

७. पाण्यात असताना

टचस्क्रीन पाण्याखाली काम करत नाही, आणि बाहेरही प्लॅस्टिकवरच्या थेंबांमुळे गोंधळते. बोटाचा ठसा प्लॅस्टिकमधून बहुतेक वेळा लागत नाही. म्हणून आधीच पिन चालू ठेवा, आणि लॉक असतानाही ११२ हा आणीबाणीचा नंबर लावता येतो ते घरीच बघून ठेवा. पाण्याखाली फोटो काढायचे असतील तर कॅमेरा आधी सुरू करून आवाजाच्या बटणानं काढा.

खोल सूर मारणार असाल तर पाऊच नको. दर १० मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणानं वाढतो. १० मीटरवर पाऊचमधली हवा निम्मी आक्रसते, झिपवर ताण येतो आणि तरंगण्याची ताकदही जाते. तारकर्लीला स्कुबाला जाताना मोबाईल होडीतच राहू द्या.

किनाऱ्यावर चपला-टॉवेल ठेवताना भरती बघा. जुना ठोकताळा अजून कामाचा आहे: तिथीला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ कळते. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पहाटे आणि दुपारी-संध्याकाळी दोन्ही वेळा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळालं तर तेच बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी रोजच्यापेक्षा बरंच वर येतं. वाळलेल्या काटक्या आणि शेवाळाची जी रेघ वाळूवर दिसते, तिच्याही वर सामान ठेवा.

८. बाहेर आल्यावर

पाण्यातून आल्याआल्या फोटो बघायला पाऊच उघडायचा मोह आवरा. दिवसभर कोरडा राहिलेला मोबाईल नेमका इथे भिजतो: केसांतून गळणारं पाणी, ओले हात आणि घडीत साठलेलं खारं पाणी सरळ आत. पाऊच *बंद असतानाच* गोड्या पाण्यानं धुवा, घडी आणि बकल पुसा, हात कोरडे करा, तोंड खाली झुकवून उघडा.

उन्हात वाळूवर बंद पाऊच टाकून नाश्त्याला जाऊ नका. आत हवा खेळत नाही आणि मोबाईल फार लवकर तापतो. आयफोनसारख्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य मानली जाते. घरी आल्यावर रिकामा पाऊच उघड्या तोंडानं सावलीत वाळवा. साबण लागत नाही. झिप पिवळी पडली, कडक झाली किंवा बंद होताना बोटांना नेहमीसारखा ‘कट कट’ असा ठेका लागेनासा झाला, की पाऊच बदला.

९. पाणी शिरलंच, किंवा पाऊच गेलाच तर

पाणी शिरलं तर मोबाईल लगेच बंद करा, पुसा, सिम काढा. चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर नको, ऊन नको. तांदळात पुरू नका. ॲपलनंही स्पष्ट सांगितलंय की तांदळाचे बारीक कण फोनचं नुकसान करू शकतात. खारं पाणी आतले धातू खात राहतं, म्हणून त्याच दिवशी दुरुस्तीला द्या आणि दुकानात ‘समुद्राचं पाणी’ असं सांगा, नुसतं ‘भिजला’ नव्हे.

हरवला किंवा चोरीला गेला तर क्रम असा:

1. सोबत्याच्या फोनवरून सिम कंपनीला आणि बँकेला कळवून सिम, यूपीआय, कार्ड बंद करा. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा.
2. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत घ्या.
3. त्याच नंबरचं नवं सिम घ्या. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि पुढच्या पायरीला ओटीपी लागतो.
4. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर फोन ब्लॉक करण्याची विनंती नोंदवा. तिथे आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत, खरेदीचं बिल आणि ओळखपत्र मागतात. फोन सापडला तर तिथूनच तो पुन्हा सुरू करून घेता येतो.

आयएमईआय आत्ताच बघून ठेवा: फोनवर *#०६# दाबा, दोन सिमच्या फोनला दोन नंबर दिसतील, दोन्ही वहीत लिहा आणि बिलाच्या फोटोसोबत घरच्या कुणाला तरी पाठवून द्या.